पाऊस तोच, पूर वेगळा का?



२८ व २९ ऑगस्ट २०२० चे दिवस आपण विसरलेलो नाही. सिवनी जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला, भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा बालाघाटपासून खाली गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपर्यंत पसरली. तेव्हापासून मोठी सर आली की एकच प्रश्न निघतो : "जूनमध्येही असाच पाऊस पडला होता, तेव्हा काही झाले नाही. मग आता का?"

याचे उत्तर आभाळात नसून जमिनीत आहे. पडलेले सर्व पाणी नदीला जात नाही. पहिले पाणी पाने, खळगे व कोरडी माती घेतात. नंतर जमीन तासातासाला थोडेथोडे पीत राहते. अभियंते या पाण्याला पावसाची 'तूट' म्हणतात. त्यांची तूट ती आपल्या विहिरीची जमा!

ही तूट दरवेळी सारखी नसते. जूनमध्ये कन्हार जमिनीला भेगा असतात. ती घटाघटा पिते. ऑगस्टअखेर तीच माती फुगून भेगा बुजतात, बांध्या व बोड्या तुडुंब असतात. मग पाणी सरळ नाल्याला लागते.

अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात यासाठी एक रीत बसविली. ती आपल्या देशातही वापरतात. तिच्यात मागील पाच दिवसांचा पाऊस पाहतात. पिकाच्या हंगामात तो ३६ मिलिमीटरहून कमी असेल तर जमीन कोरडी, ५३ हून अधिक असेल तर ओली, मधला असेल तर मध्यम. एका मध्यम प्रतीच्या जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर कोरडीवरून सुमारे १५, मध्यमवरून ४१ आणि ओलीवरून ६८ मिलिमीटर पाणी वाहते. म्हणजे एका एकरातून एकदा ६१ हजार लिटर, तर एकदा पावणेतीन लाख लिटर!

केवळ सरासरी धरून पूल बांधला, तर ओल्या वर्षी तो अपुरा पडेल. म्हणून आता अभियंते संगणकावर जणू चिठ्ठ्या काढतात : एक पावसाची, एक तुटीची. असे हजारो वेळा करून पाणी किती वेळा कोणत्या पातळीवर चढते ते मोजतात.

आपण घरी काय करावे?

१. सरळ कडांचा डबा मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याची वेळही हीच) पाणी पट्टीने मोजा, लिहा व डबा रिकामा करा.

२. पाच दिवसांची बेरीज ५३ च्या वर गेली आणि मोठ्या पावसाचा इशारा असला, तर वाट पाहू नका. नदीकाठची जनावरे, बियाणे व मोटारपंप आधीच उंचावर न्या.

३. बांधीतील पाणी वेळेवर, थोडेथोडे सोडा. रात्री धुरा फोडून शेजाऱ्याच्या धानावर लोंढा सोडणे हे शेजारधर्माला धरून नाही.

४. पूर ओसरल्यावर विहीर निर्जंतुक होईपर्यंत पाणी उकळूनच प्या.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाविषयी प्रभू येशू बोलला. पाऊस देवाच्या हाती आहे. पाच दिवसांची बेरीज मात्र आपल्या हाती आहे. ती आपण करू या.