5.6 गुणांचा शोधनिबंध

5.6. विज्ञान शाखेतल्या एका शोधनिबंधाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतला तक्ता मूळ 8 गुण देतो. लेखक दोन असले तर प्रत्येकाला त्यातले 70 टक्के, म्हणजे 5.6. इम्पॅक्ट फॅक्टरचे गुण वेगळे. धाराशिव, तुळजापूर, उमरग्याच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक बढतीचा अर्ज भरताना याच तक्त्याकडे बघून बेरीज करतात.

आता हा तक्ता 1978 सालच्या एका निबंधाला लावून बघू. भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये तो छापून आला. लेखक दोनच, म्हणजे प्रत्येकी 5.6: व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि त्यांचे मार्गदर्शक ओबेद सिद्दीकी. रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म 1953 चा, केनियातला. डब्लिनमध्ये पदवी घेऊन त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएचडीसाठी आल्या होत्या.

पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला, हा त्यांचा प्राणी. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची, एका फाट्यात वास ठेवायचा, दुसऱ्यात नाही, आणि किती चिलटं कुठे वळली ते मोजायचं. ज्यांना वास ओळखता येत नाही त्यांची पैदास वेगळी करून दोष कोणत्या जनुकात आहे ते हुडकायचं. साधन इतकं साधं, पण वास आणि चव या संवेदनांच्या जनुकीय अभ्यासाला अशा कामातून चालना मिळाली.

पुढची सालं बघा. 1988 मध्ये रॉड्रिग्ज यांनी दाखवलं, की वेगवेगळे वास चिलटाच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या गाठी जाग्या करतात. अशा गाठी सुमारे 50 आहेत. चिलटाची वास ओळखणारी जनुकं सापडली 1999 मध्ये, म्हणजे पहिल्या निबंधानंतर 21 वर्षांनी. ती साधारण 60 निघाली. एकच जनुक वापरणाऱ्या चेतापेशी ठरलेल्या गाठींकडेच जातात हे कळलं 2000 मध्ये, म्हणजे 1988 च्या नकाशामागचं कारण हाती यायला 12 वर्षं लागली.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, काढताना मात्र आधीच्या दोनच वर्षांतले निबंध धरतात. 1978 चा निबंध त्या हिशेबात फक्त 1979 आणि 1980 मध्ये येतो. 1999 नंतर कोणी त्याचा कितीही आधार घेतला तरी तो आकडा तसूभर हलत नाही. जीवशास्त्रात, त्यातही एखादा प्रश्नच नव्याने मांडणाऱ्या कामात, दोन वर्षांची ही खिडकी फार अरुंद आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 2005 मध्ये होर्हे हर्श यांनी सुचवलेल्या एच-निर्देशांकाला कालमर्यादा नाही, पण तिथे दुसरी अडचण येते: निर्देशांक 10 असेल, म्हणजे निदान 10 संदर्भ मिळालेले 10 निबंध असतील, तर आघाडीच्या दहांतल्या एखाद्या निबंधाला 10 संदर्भ मिळोत की 1000, निर्देशांक तोच राहतो.

रॉड्रिग्ज यांचं विकास-जीवशास्त्रातलं मोठं काम नव्वदच्या दशकातलं. चिलटाच्या मिशीवर वास घेणारे सुमारे 400 सूक्ष्म केस असतात, तीन जातींचे. ते केस घडताना पेशी कशा जमतात, हे 1995 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने टप्प्याटप्प्याने नोंदवलं. 1997 मध्ये त्यांतल्या एका जातीचे केस ‘एटोनल’ जनुकामुळे उगवतात हे दाखवलं, आणि 1998 मध्ये त्याहून नवलाची गोष्ट: ‘लोझेंज’ जनुकाची मात्रा कमी-जास्त झाली की केसाची जातच बदलते. 2002 मध्ये कळलं, की एटोनलच्या वंशातल्या चेतापेशी मेंदूत आधी पोचतात आणि गाठी बांधायला त्याच सुरुवात करतात. यातल्या प्रत्येक निबंधावर रॉड्रिग्ज यांच्यासोबत त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं आहेत. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव शेवटी आणि राबणाऱ्याचं पहिलं, ही जीवशास्त्रातली रीत. 1978 मध्ये पहिलं नाव त्यांचं होतं, इथे ते शेवटी आहे. माणसं घडवण्याचा हिशेब मला या क्रमात दिसतो.

10 नोव्हेंबर 2010 ला, वयाच्या 57 व्या वर्षी, त्या गेल्या. सवयीने वास जाणवेनासा का होतो, यावरचा त्यांचा सहलेखनातला निबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

1978 चा तो निबंध अकादमीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर एवढ्यावर चिलटं वाढतात, 25 अंश तापमानात दहाएक दिवसांत पुढची पिढी तयार होते. धाराशिवमधल्या बीएस्सीच्या प्रयोगशाळेत ‘वाय’ नळीचा प्रयोग एका सत्रात सहज होईल.