मोबिलेट ते लूना : नियमांच्या फटीत वाढलेली गाडी

नारायण पेठेत बसून मोपेडवर बोलायचं, तर सुरुवात लूनापासून व्हायला हवी. पण मी तुम्हाला आधी फ्रान्समध्ये नेणार आहे. एक प्रश्न मात्र मनात ठेवा. जिला ना वेग ना ताकद, अशी गाडी दोन इतक्या वेगळ्या देशांत एवढी का खपली? आणि मग दिसेनाशी का झाली?

१९२३ साली शार्ल बन्वा आणि आबेल बार्दँ या दोघांनी पॅरिसजवळ मोटोबेकान ही कंपनी काढली. 'बेकान' हा फ्रेंच बोलीतला शब्द, आपल्या 'फटफटी'सारखा. नावाप्रमाणे कंपनी आधी मोटरसायकलीच बनवत होती. मग दुसरं महायुद्ध आलं. ते संपलं तेव्हा लोकांच्या खिशात पैसे नव्हते आणि पेट्रोल रेशनवर होतं. कामावर तर जायचं होतं. १९४९ मध्ये कंपनीने 'मोबिलेट' बाजारात आणली. एरिक जोल्म या अभियंत्याचं हे काम. मुळात सायकलीची चौकट, तिला ५० सीसीपेक्षा लहान टू-स्ट्रोक इंजिन आणि पेडल.

आता ही पेडल का ठेवली, ते बघा. इंजिन सुरू करायला आणि चढावर मदतीला ती लागत, हे खरंच. पण त्याहून महत्त्वाचं कारण कायद्यात होतं. इंजिन ५० सीसीच्या आत आणि गाडीला चालती पेडल असतील, तर फ्रान्समध्ये ती मोटरसायकल धरली जात नसे. तिचा वर्ग वेगळा. चौदा वर्षांचा मुलगाही ती परवान्याशिवाय चालवू शके. म्हणजे पेडल हा या गाडीचा अर्धा परवानाच होता म्हणा ना! शाळकरी पोरं, कारखान्यातले कामगार, खेड्यातले पाद्री, सगळे मोबिलेटवर दिसू लागले. तिच्या एका गाजलेल्या मॉडेलला तर लोक रंगावरून नुसतं 'निळी' म्हणत.

दुसरी युक्ती यंत्रातली. नवशिक्याला दुचाकीवर अवघड काय जातं? क्लच आणि गिअर. मोपेडमध्ये चालवणाऱ्याला दोन्हींकडे बघावं लागत नाही. इंजिनाच्या दांड्यावर ब्रेकच्या लायनरसारखे छोटे 'शू' असतात आणि त्यांच्याभोवती वाटीसारखा ड्रम. इंजिन हळू फिरतं तेव्हा स्प्रिंग शूंना आत धरून ठेवते. ॲक्सिलरेटर पिळला, फिरणं वाढलं, की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट टेकतात आणि चाकाला गती मिळते. जत्रेतला पाळणा जोरात फिरला की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना, तोच नियम. मोटोबेकानने अशा स्वयंचलित क्लचवर पुष्कळ काम केलं आणि पुढे पट्ट्यावर चालणारी, वेगाप्रमाणे गुणोत्तर बदलणारी पुलीही आणली. गिअरलेस स्कूटर चालवता तेव्हा तुम्ही याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती चालवत असता.

ही फ्रेंच मोपेड भारतातही आली. 'मोपेड्स इंडिया' या कंपनीने मोटोबेकानच्या सहकार्याने ती 'सुवेगा' नावाने बनवली. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना सुवेगा नक्की आठवत असेल.

पण पुण्याने आपली मानली ती लूना. ती १९७२ साली आली. कंपनी हस्तीमल फिरोदिया यांची कायनेटिक इंजिनिअरिंग, कारखाना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. लूनाचा नमुना मात्र फ्रेंच नव्हता, तर इटलीच्या पियाज्जिओची 'चाओ' मोपेड. तरी रचनेमागचा विचार तोच : ५० सीसी, पेडल, गिअर नाहीत.

तेव्हा आपल्याकडे परिस्थिती काय होती? पुणं सायकलींचं शहर. स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. सायकल आणि स्कूटर यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा होती. लूना तिथे बसली. पेपर टाकणारे, एलआयसी एजंट, शिकवण्या घेणारे मास्तर, आणि विशेष म्हणजे स्त्रिया. मधली चौकट खाली असल्याने साडी नेसूनही बसता येई, आणि किक मारायची गरज नव्हती. नोकरी करणाऱ्या बाईला कुणी सोडण्या-आणण्याची वाट बघावी लागेना, हा बदल लहान नाही.

मग या गाड्या गेल्या कुठे? फ्रान्समध्ये मोटारी आवाक्यात आल्या, मोपेडला हेल्मेट सक्तीचं झालं, तरुणांना स्कूटर आवडू लागली. मोटोबेकान १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डबघाईला आली आणि १९८४ मध्ये यामाहाच्या हातात जाऊन 'एमबीके' झाली. तोवर एक कोटीहून जास्त मोबिलेट बनल्या होत्या. आपल्याकडे उदारीकरणानंतर प्रतीक्षायादी संपली, हप्त्यावर गाडी मिळू लागली, धुराचे नियम कडक होऊन टू-स्ट्रोकची अडचण झाली. २००० नंतरच्या काही वर्षांत लूनाचं उत्पादन थांबलं. यंत्र बिघडलं नव्हतं हो, ती मधली जागाच भरून गेली होती.

गंमत म्हणजे कायदा अजून तिची आठवण ठेवून आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे. मुभा आहे, पण दुकानात पेट्रोलवरची तशी नवी गाडी मिळणं मुश्कील!

आणि आता नवी फट उघडली आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावणारी विजेची दुचाकी, ठरलेल्या अटी पाळल्या तर, मोटार वाहन धरली जात नाही. तिला परवाना लागत नाही. मोबिलेटचीच गोष्ट, फक्त पेट्रोलच्या जागी बॅटरी. लूनाचं नावही २०२४ मध्ये 'ई-लूना' म्हणून परत आलं.

तेव्हा आपल्यातल्या कुणी गाडी बनवायचं मनात घेतलं असेल, तर एवढंच सांगतो. इंजिनाकडे जरूर बघा, पण त्याआधी रस्त्यावर बघा. कोण अजून चालत जातंय आणि का, हे ज्याला आधी दिसेल, पुढची लूना त्याची.