सर्जन न्यूयॉर्कला, रोगी स्ट्रासबर्गला

हा लेख वाचण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहा. घरातले दोन मोबाइल घ्या आणि एकावरून दुसऱ्याला व्हिडिओ कॉल लावा. दोन्हींचा आवाज बंद ठेवा, नाहीतर शिट्ट्यांनी कान किटतील! वहीच्या पानावर एक मोठे वर्तुळ काढा. पहिला मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर असा ठेवा की त्याच्या कॅमेऱ्याला ते पान दिसेल. आता वहीकडे मुळीच न बघता, केवळ दुसऱ्या मोबाइलच्या पडद्याकडे बघत, त्या वर्तुळावरून पेन्सिल फिरवा.

काय झाले? पेन्सिल वर्तुळाच्या बाहेर गेली. ती आत आणावी म्हणून तुम्ही हात वळवला, पण पडद्यावर पेन्सिल बाहेरच दिसत राहिली. म्हणून आणखी वळवला, आणि आता ती पार आत गेली. हाताची हालचाल आणि तिचे डोळ्यांना दिसणारे चित्र यांत थोडा वेळ जातो, त्याचा हा परिणाम. चार-पाचदा करून पाहिल्यावर तुम्हाला आपोआप एक युक्ती सुचेल. थोडे सरकायचे, थांबायचे, पडद्यावर पेन्सिल पोचली की पुन्हा थोडे सरकायचे. वर्तुळ नीट गिरवले जाईल, पण वेळ बराच लागेल.

आता पेन्सिलीच्या जागी कात्री आणि वर्तुळाच्या जागी पित्ताशयाला रक्त पुरवणारी रोहिणी आहे अशी कल्पना करा.

अशी शस्त्रक्रिया ७ सप्टेंबर २००१ रोजी खरोखरच झाली. रोगी ६८ वर्षांची एक स्त्री होती आणि ती फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. तिचे पित्ताशय काढायचे होते. ते काढणारे सर्जन झाक मारेस्को अटलांटिक महासागराच्या पलीकडे, न्यूयॉर्कमध्ये एका पडद्यासमोर बसले होते. ‘झ्यूस’ नावाच्या यंत्राचे तीन हात रोगिणीच्या टेबलाजवळ होते, आणि ते न्यूयॉर्कहून येणाऱ्या आज्ञांप्रमाणे हलत होते. ५४ मिनिटांत काम झाले आणि दोन दिवसांनी त्या बाई घरी गेल्या. १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने न थांबता विमान नेणाऱ्या लिंडबर्गचे नाव या उपक्रमाला दिले होते. एरवी जगभर गाजावी अशी ही घटना, पण चारच दिवसांनी न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागा उरली नाही.

यंत्राने नेमके काय केले हे समजण्यासाठी आधी ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणजे काय ते पाहू. पोटाला तीन-चार लहान छिद्रे पाडतात आणि आत जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एका छिद्रातून दुर्बीण आणि इतर छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारे आत सोडतात. येथे तरफेचा नियम आडवा येतो. पोटाचे छिद्र हा टेकू होतो. सर्जनचा हात डावीकडे गेला की हत्याराचे टोक उजवीकडे जाते. शिवाय दांडी आत किती गेली आहे त्याप्रमाणे टोकाची हालचाल कमीअधिक होते. हा उलटा हिशेब डोक्यात ठेवून हात चालवायला सर्जनांना पुष्कळ सराव लागतो. यंत्र वापरले की तो हिशेब संगणक करतो. हात डावीकडे, तर टोकही डावीकडे. हाताचा सूक्ष्म कंप गाळून टाकता येतो, आणि हात ५ मि.मी. हलला तर टोक १ मि.मी.च हलावे असे प्रमाणही ठरवता येते.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की यंत्र स्वतःहून काही करत नाही. ‘यंत्रमानव’ या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. सर्जनची हालचाल आकड्यांत बदलून तारेने पाठवायची आणि दुसऱ्या टोकाला त्या आकड्यांची पुन्हा हालचाल करायची, एवढेच त्याचे काम. मग तार १० फुटांची असो की हजारो किलोमीटरची.

पण तार लांब झाली की वेळ लागतो. किती लागतो, ते दहावीचा विद्यार्थी काढू शकेल. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला ३ लाख कि.मी. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणून काचतंतूतील वेग सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. न्यूयॉर्कहून स्ट्रासबर्गला आज्ञा जाण्याचा आणि तेथून चित्र परत येण्याचा मार्ग मिळून सुमारे १४,००० कि.मी. होता. भागाकार केला की ०.०७ सेकंद, म्हणजे ७० मिलिसेकंद येतात. प्रत्यक्ष प्रवासाला सुमारे ८० मिलिसेकंद लागले. आपले गणित फारसे चुकले नाही!

एकूण विलंब मात्र १५५ मिलिसेकंद होता. उरलेला वेळ गेला कोठे? कॅमेऱ्याचे चित्र दाबून लहान करणे, संदेशात बसवणे आणि पलीकडे पुन्हा उलगडणे, यांत. मारेस्को यांच्या गटाने आधी डुकरांवर प्रयोग करताना विलंब मुद्दाम वाढवत नेऊन पाहिला होता. सुमारे ३३० मिलिसेकंदांपर्यंत सर्जनला काम सुरक्षित वाटत होते. त्या मानाने १५५ हा आकडा बराच आत होता.

आता हेच काम विषुववृत्तावर ३६,००० कि.मी. उंच असलेल्या दळणवळण उपग्रहामार्फत केले असते तर? आज्ञा वर जाऊन खाली येणार, चित्रही वर जाऊन खाली येणार. ३६,००० ची चार अंतरे, म्हणजे १,४४,००० कि.मी. प्रकाशाला त्यासाठीच ४८० मिलिसेकंद लागतात. येथे कोणतेही यंत्र सुधारून उपयोग नाही, निसर्गाचा नियमच आड येतो. (पृथ्वीपासून काहीशे कि.मी. उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे गणित वेगळे आहे. ते तुम्हीच करून पाहा.)

यानंतरची हकिकत मला अधिक मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिले जाते. कॅनडात हॅमिल्टन शहरातील सर्जन मेहरान अन्वरी यांनी २००३ पासून सुमारे ४०० कि.मी. दूरच्या नॉर्थ बे या लहान गावातील रुग्णालयात अशा २१ शस्त्रक्रिया केल्या. ही एका दिवसाची कामगिरी नव्हती, रुग्णालयाचे नेहमीचे काम होते. तेथील विलंब किती असावा? अंतर एवढे कमी झाले, काचतंतूतून जाऊन येण्यास ४ मिलिसेकंद पुरेत. पण प्रत्यक्षात विलंब होता १३५ ते १४० मिलिसेकंद! म्हणजे महासागर ओलांडताना जेवढा होता, जवळजवळ तेवढाच. विलंबाचा मोठा भाग अंतराचा नसून दोन्ही टोकांच्या उपकरणांचा होता.

पुढे उपकरणे सुधारली. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधून २८६ कि.मी. दूरच्या जयपूरमधील रोग्यावर भारतात बनलेल्या ‘एसएसआय मंत्र’ या यंत्राने हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विलंब ३५ ते ४० मिलिसेकंद सांगितला गेला. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, अहमदाबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून ३२ कि.मी. दूरच्या ५ रोग्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत स्टेंट बसवले होते.

मग तुम्ही विचाराल, मुंबईचा सर्जन गडचिरोलीच्या रोग्यावर शस्त्रक्रिया का करत नाही? काचतंतू वळसे घेत १,००० कि.मी. लांब झाला तरी जाऊन येण्यास १० मिलिसेकंदच लागतील. प्रकाशाची काही हरकत नाही.

हरकत दुसऱ्या टोकाची आहे. नॉर्थ बेमध्ये रोग्याजवळ कोण होते ते पाहा. भूल देणारे डॉक्टर होते, परिचारिका होत्या, आणि हातमोजे घालून उभा असलेला एक सर्जनही होता. छिद्रे पाडून हत्यारे आत सोडणे त्याचे काम. संपर्क तुटला तर यंत्राचे हात बाजूला करून पुढची शस्त्रक्रिया त्यानेच करायची. स्ट्रासबर्गलाही असे सर्जन हजर होते. जेथे सर्जन नाही तेथे यंत्राने शस्त्रक्रिया होईल, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. अन्वरी यांच्या कामाचा खरा लाभ निराळा होता. गावातील सर्जनला साधी कामे येत होती, पण अवघड शस्त्रक्रियांचा अनुभव थोडा होता. अशा वेळी जाणता माणूस त्याच्याबरोबर काम करत होता. दोघांनी आळीपाळीने हत्यारे चालवली, आणि रोग्याला ४०० कि.मी. जावे लागले नाही.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये हिशेब मांडला, की जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. एखादे रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी सज्ज आहे की नाही हे ओळखायला आयोगाने तीन कामे निवडली. सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया, आणि कातडी फाटून उघड्या पडलेल्या मोडक्या हाडाचा उपचार. या तिन्हींना यंत्राचे हात लागत नाहीत. लागतो तो सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्त, निर्जंतुक हत्यारे आणि न जाणारी वीज. हे सारे जेथे आहे, तेथे कोट्यवधी रुपयांचे यंत्र आणि दूरचा तज्ज्ञ यांची भर घालता येते. जेथे नाही तेथे ते यंत्र कपाटात पडून राहील, आणि असे बंद पडलेले यंत्र तुमच्यापैकी काहींनी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहिले असेल.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. मुलांना आपल्या तालुक्यापासून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अंतर नकाशावर मोजायला सांगा आणि काचतंतूतील विलंब काढून घ्या. मग त्यांना घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात जा. वर दिलेल्या तीनपैकी कोणती कामे तेथे होतात, आणि जी होत नाहीत ती कशावाचून अडतात, हे तेथील डॉक्टरांना विचारा. दोन्ही उत्तरे वहीच्या एकाच पानावर लिहून घ्यावीत.