पडद्यावरचा धावता घोडा

सारंगखेड्याच्या बाजारात दौडणाऱ्या घोड्यामागे आपली नजरही धावते, म्हणून तो स्वच्छ दिसतो. संगणकावरील खेळात मात्र तोच पुसट होतो. असे का व्हावे? साधा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवितो आणि प्रत्येक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद जागीच धरून ठेवतो. नजर तोवर पुढे सरकलेली असते. चित्र डोळ्यात फासले जाते. जुन्या काचनळीच्या पडद्यावर चित्र चमकून लगेच विझे. (तो जड डबा आपण हौसेने मोडीत काढला!) तेव्हा नवा मॉनिटर घेताना खोक्यावरील '१ मिलिसेकंद' या आकड्याला भुलू नये, तो बहुधा रंग बदलण्याचा वेग. सेकंदाला १४४ चित्रे दाखविणारा (संगणकालाही तितकी पुरविता आली पाहिजेत), किंवा दोन चित्रांमध्ये प्रकाश मालविणारा पडदा पाहावा. मालविण्याने उजेड घटतो, काहींचे डोळेही शिणतात. म्हणून दुकानातच चालवून पाहावा.