चिखल, भात आणि मिथेन!

पावसाळ्यातला वीकेंड म्हटला की नाशिककरांची गाडी आपोआप इगतपुरीकडे वळते. धुकं, भजी, फोटो... आणि मागे हिरवीगार भातखाचरं. त्या फोटोत एक गोष्ट मात्र कधीच येत नाही, मिथेन! खाचरात पाणी तुंबलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो आणि तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून हा वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड तर २७३ पट!

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं विभागीय संशोधन केंद्र इगतपुरीतच आहे, आणि तिथं भातावर काम चालतं. भातासाठी शेतकऱ्यांना सांगितली जाते ती डॉ. एन. के. सावंत यांची 'चारसूत्री'. भाताचे अवशेष, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. खत वाहून जात नाही, युरिया कमी लागतो. सही ना?

पण थांबा. तोच हिरवा पाला तुंबलेल्या पाण्यात कुजला की मिथेन वाढतो. मधूनमधून खाचर सुकू दिलं तर मिथेन घटतो, पण नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. आणि इगतपुरीच्या धो धो पावसात खाचर सुकवणार तरी कसं?

शिवाय हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या वाकून, हातानं खोचायच्या कुणी? लावणीच्या बायांनीच. हवेला होणाऱ्या फायद्याचे पैसे त्यांच्या मजुरीत कुणी धरत नाही.