'आढळला नाही' याचे वजन

वर्ध्याचा गोरसपाक परगावच्या पाहुण्यांनाही ठाऊक असतो. गव्हाचे पीठ, तूप, साखर. पाणी जवळपास नाहीच. अशा कोरड्या, तुपकट खाद्यात जिवाणू वाढत नाहीत हे खरे, पण ते मरतातच असेही नाही. साल्मोनेला कोरडेपणात अर्धमेला होऊन महिनोन्‌महिने तग धरू शकतो. गोरसपाकात तो असतो असे सुचवायचे नाही; पदार्थ नमुन्यादाखल घेतला, कारण प्रयोगशाळेची कसोटी अशाच खाद्यावर लागते. अहवालात '२५ ग्रॅममध्ये आढळला नाही' असे लिहून येते आणि आपण निर्धास्त होतो. पण वापरलेली पद्धत किती वेळा हुकते हे तशाच पदार्थावर कुणी मोजलेले नसेल, तर त्या वाक्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

जुनी, मान्य रीत संथ आहे. २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या पाण्यात कालवून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचा, म्हणजे अर्धमेले जिवाणू सावरतात. मग साल्मोनेलाला मानवणाऱ्या आणि इतरांना दडपणाऱ्या द्रवांत वाढ, मग एक्सएलडी अगारच्या लालसर प्लेटवर रेघा. दुसऱ्या दिवशी काळ्या मध्याच्या वसाहती दिसल्या की खातरजमेच्या चाचण्या. हाती ठाम उत्तर यायला चार-पाच दिवस जातात, आणि म्हणूनच दीड-दोन दिवसांत निकाल देणाऱ्या पीसीआर किटला गिऱ्हाईक आहे. हे किट जुन्या रीतीच्या तोडीचे आहे का, हे ठरवण्याचे नियम आयएसओ १६१४०-२ या २०१६ च्या मानकात आहेत. त्यातली खरी गंमत अशी की नमुन्यात जिवाणू मुद्दाम इतके थोडे घालतात की निम्म्या चाचण्या कोऱ्याच याव्यात. हजारो पेशी घालून वीसपैकी वीस नमुने पकडले, तर त्यातून काहीच कळत नाही. तेवढे कुणीही पकडेल. पेशी मोजून एकेक टाकता येत नाही, द्रावण पातळ करत सरासरीच गाठावी लागते. सरासरी एक पेशी ठेवली तरी शंभरांतल्या ३७ नमुन्यांत एकही पडत नाही, हा पॉसाँचा हिशेब. सरासरी ०.७ असेल तर निम्मे नमुने रिकामे. या पातळीला निम्मे नमुने पकडणारी पद्धत एकुलती जिवंत पेशीही सोडत नाही. तेवढ्यासाठी जिला १.४ लागतात, तिची धार निम्मी.

किट बनवणाऱ्या कंपनीने हे सगळे करून प्रमाणपत्र मिळवलेच आहे, मग इथल्या प्रयोगशाळेने पुन्हा का करावे? कारण प्रमाणपत्र ठरावीक खाद्यगटांपुरते असते. कच्च्या मांसावर चोख चालणारे किट तुपातल्या, सुकून दुबळ्या झालेल्या पेशीवर तसेच चालेल याची हमी नाही. शिवाय इनक्युबेटर इथला, हात इथले. म्हणून २०२१ मध्ये १६१४०-३ हा भाग आला. त्यात मोजक्या नमुन्यांवर स्वतःच्या प्रयोगशाळेत पडताळणी करायची असते. सगळा खटाटोप पुन्हा करायचा नसतो.

याहून वजनदार आक्षेप नमुने घेण्याबद्दलचा आहे. दुग्धजन्य पदार्थांसाठी आपले नियम पाच नमुने मागतात, आणि पाचांपैकी एकातही साल्मोनेला चालत नाही. समजा, शंभरांतली दहा पाकिटे दूषित आहेत. पद्धत बिनचूक असली तरी पाचही पाकिटे स्वच्छ निघण्याची शक्यता ५९ टक्के. मग पद्धतीला धार लावून काय साधणार? आक्षेप खोटा नाही. नमुने अपुरे असतील तर कोणतीही पडताळणी ती कसर भरून काढत नाही. पण दूषित पाकिटांपैकी निम्मीच पकडणारी पद्धत घेऊन तोच हिशेब मांडला, की ५९ चे ७७ होतात, आणि पुन्हा साठाच्या आसपास यायचे तर पाचाऐवजी दहा पाकिटे फोडावी लागतात. छोट्या उत्पादकाला किंवा बचत गटाला पडताळणीचा खर्च जड वाटतो, पण ही पाच जादा पाकिटे आणि त्यांच्या तपासणीची फी प्रत्येक लॉटमागे त्यांनाच भरावी लागते.