वजनकाट्यावरचे नऊ महिने

गरोदर बाईनं शेवटच्या महिन्यांत जेवण आवरतं घ्यावं, नाहीतर लेकरू मोठं होतं आणि सुटका जड जाते, हा सल्ला वाशिमच्या खेड्यांत आणि तांड्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. आता त्याची गणना अडाणीपणात होते. मला ते अन्यायाचं वाटतं. गावात दाई सोडून कोणी नाही, रस्ता पावसाळ्यात बंद, बाळ अडलं तर बैलगाडी आणि पुढे मिळेल ती एसटी, अशा काळात सासू सुनेच्या ताटातली शेवटची भाकर काढून ठेवायची ती तिच्या जिवाच्या भीतीनं. बाळ बारीक निघालं तर जगवता येईल, बाईच गेली तर काय करायचं, असा तो हिशेब होता. शिवाय तो फक्त इथलाच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञही गरोदरपणात सात-नऊ किलोंच्या वर वजन वाढू देऊ नका, असं बजावत होते. रक्तदाब आणि झटके टळतील, बाळंतपण सोपं जाईल, ही त्यांची आशा. १९७० साली तिथल्या राष्ट्रीय समितीनं ही मर्यादा नऊ ते अकरा किलोंपर्यंत वाढवली. १९९० मध्ये आईच्या मूळ बांध्यावरून वेगवेगळे आकडे ठरले आणि २००९ मध्ये ते पुन्हा तपासले गेले: बारीक बाईनं साडेबारा ते अठरा किलो, मध्यम बांध्याच्या बाईनं साडेअकरा ते सोळा, जाड बाईनं सात ते साडेअकरा आणि अतिलठ्ठ बाईनं पाच ते नऊ किलो. आपल्याकडे सरसकट दहा ते बारा किलो सांगितले जातात.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. त्या वर्षी जन्मलेल्या मुली आज स्वतः आया झाल्या आहेत, कोणी दुसऱ्यांदाही. म्हणून हा मागोवा तिथूनच घ्यावासा वाटतो. जिल्ह्याचं वय आणि या मुलींचं वय एकच आहे. त्या पोटात होत्या तेव्हा त्यांच्या आयांनी काय खाल्लं आणि किती काम केलं, हे त्यांच्या अंगात आजही आहे.

त्या आयांचं ताट आधी पाहू. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पावसाळ्यात रानातली भाजी. अंबाडी मुद्दाम लावलेली असायची, पण घोळ, तांदुळजा, तरोटा हे निंदता-निंदता खुडून ओट्यात आणायचं. दूध असलं तर डेअरीला किंवा चहाला. डाळिंब, सफरचंद हे दवाखान्यात भेटायला येणाऱ्यानं आणायचं फळ. चरकसंहितेत गरोदर स्त्रीचा महिन्यागणिक आहार सांगितला आहे. त्यात पहिल्या महिन्यापासून आठव्यापर्यंत दूध, लोणी, तूप असा क्रम येतो. ज्या घरात दुभतं जनावर नाही त्या घरानं त्या पानाचं काय करावं, हा प्रश्न तेव्हाही होता. सातव्या महिन्यात डोहाळजेवण व्हायचं, आणि त्या एका दिवशी मात्र ती सर्वांच्या आधी जेवायची. एरवी ती सर्वांच्या नंतर बसायची, उरलेल्यावर.

त्याच सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक मोठं काम चाललं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून तिथल्या बायांना गरोदरपणाच्या आधीपासून मोजत होते. बायांचं सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास. अठराव्या आठवड्यात त्या दिवसाला जेमतेम पावणेअठराशे कॅलरी खात होत्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे बाळ झपाट्यानं वाढायला लागतं तेव्हा, आहार वाढायच्या ऐवजी थोडा घटलेलाच आढळला. पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोंची होती. सासूच्या हिशेबाचा हा लेखी पुरावाच म्हणायचा.

त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी वाशिमला थेट लागू पडतात. पहिली पालेभाजीची. एकूण किती कॅलरी पोटात गेल्या यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. आता वाशिमचं शिवार डोळ्यांसमोर आणा. गेल्या तीन दशकांत ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन बांधापासून बांधापर्यंत पसरलं. त्यात तुरीच्या ओळी राहिल्या, हे बरं झालं. पण सोयाबीन हे विकायचं पीक, घरात शिजवायचं नव्हे. प्रथिनांनी भरलेला दाणा पोत्यांतून बाजार समितीत जातो आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो. सोयाबीनसोबत तणनाशक आलं, आणि बायांची कंबर वाचली हे खरंच. मात्र ज्याला शेतकी भाषेत तण म्हणतात त्यात घोळही होता आणि तांदुळजाही. फुकटची, ताजी, रोजच्या वाटेवरची भाजी बऱ्याच शिवारांतून गेली. तिची जागा बाजारच्या मेथी-पालकानं भरायला पैसे लागतात, आणि बाजार आठवड्यातून एकदाच.

दुसरी गोष्ट कामाची. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याज्ञिकांसोबत याच बायांच्या दिवसभराच्या कामाची मोजणी केली: शेतातलं काम, पाणी आणणं, धुणं, घरकाम. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काम जितकं जड, बाळ तितकं लहान. मला हा या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा मराठी मातीतला अभ्यास वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली याचं वाईट वाटतं. कारण त्यानंतरच्या वीस वर्षांत सरकारनं आणि आपण सर्वांनी गरोदर बाईला काय खायला द्यायचं याचा विचार केला. तिचं काम कोण करणार, याचा विचार फार थोडा केला.

देण्यात बरंच दिलं, तेही नाकारता येत नाही. एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, पाठोपाठ गावागावांत आशाताई आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण, नेणं-आणणं मोफत झालं. १९९८-९९ मध्ये महाराष्ट्रात निम्म्याहून थोडीच अधिक बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ९४.७ टक्क्यांवर गेला. ताटातली भाकर काढून ठेवणारी भीती खरी ओसरली ती इथे. पोस्टर लावून ती गेली नसती. बाळ अडलं तर गाडी येते आणि टेबलावर डॉक्टर असतो, हे दोन-चार घरांनी पाहिलं तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणू लागल्या, खा पोटभर. मग काही घरांत दुसरं टोक आलं: दोन जिवांची आहे, दुप्पट खा. प्रत्यक्षात रोजच्या जेवणावर साडेतीनशे कॅलरी वाढवल्या तरी पुरतात, म्हणजे एक मोठी भाकर आणि वाटीभर घट्ट वरण. दुपटीची गरज नसते.

अंगणवाडीचा शिधाही याच काळात घरापर्यंत पोचू लागला. तेव्हाच्या नियमानं गरोदर बाईला दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवी होती. आधी पाकिटातलं तयार पीठ यायचं. अनेक घरांत ते कुणालाच आवडलं नाही आणि शेळीच्या पुढ्यात गेलं. करोनाच्या काळात गहू, हरभरा, डाळ असा कोरडा शिधा आला. तो निदान चुलीवर चढला. पण चुलीवर चढलेला शिधा सगळ्या घराचा होतो. सहाजणांच्या घरात एकटीसाठी वेगळी डाळ शिजवायची आणि तिनं ती सर्वांसमोर बसून खायची, हे कोणत्या सुनेला जमेल? याचा दोष तिला देऊ नये.

लोहाच्या गोळ्यांची गोष्ट याहून जुनी आहे आणि तिचं एक टोक मुंबईत आहे. १९२८ च्या अखेरीस ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, गिरणीकामगार बायांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घ्यायला. यीस्टपासून बनलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थानं त्या बऱ्या होतात, हे तिनं १९३१ मध्ये जगापुढे मांडलं. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड. आज आशाताई देतात त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या. तरीही त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायांचं रक्त कमी आढळलं. गोळीनं शौचाला काळं होतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, आणि गोळीनं बाळ मोठं होतं ही जुनी भीती कुठेतरी शिल्लक असते. जेवणानंतर घ्या, चहासोबत घेऊ नका, लिंबू पिळा, हे शांतपणे सांगणारी बाई दारात आली तर गोळ्या पोटात जातात. नाहीतर त्या पत्र्याच्या डब्यात साठतात.

जानेवारी २०१८ मध्ये वाशिमची गणना देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. महाराष्ट्रातले बाकीचे तीन नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद. मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झालं. त्यानंतर मोजणी वाढली: किती बायांची पहिल्या तिमाहीत नोंद, किती तपासण्या, किती हिमोग्लोबिन. पहिल्या तिमाहीतली नोंद हा मला यातला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो. पूर्वी बाई पाचव्या महिन्यात काट्यावर उभी राहायची आणि मूळ वजन किती होतं तेच कळायचं नाही. मग वाढलं किती, हे कोण सांगणार? पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन किलो, पुढे महिन्याला दीड ते दोन किलो, ही चढण दोन नोंदींमध्येच दिसते. एका नोंदीत फक्त आकडा असतो.

मात्र काटा उशिरा बोलतो, हेही आता माहीत आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून बायांना गरोदर राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. सगळ्या बाळांचा एकत्र हिशेब केला तर वजनात ठळक फरक पडला नाही. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या आयांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी भरली आणि त्यातही फायदा झाला तो अगदीच कृश नसलेल्या बायांना. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आलं. अठराव्या वर्षी चाळीस किलोंची मुलगी सासरी पाठवायची आणि सहा महिन्यांत तिच्या वजनाची काळजी सुरू करायची, हे उशिराचं काम आहे.

मधुमेहाचा उल्लेख सहज आला नाही. याज्ञिकांनी दाखवलं की आपली बाळं वजनानं कमी असली तरी अंगावरची चरबी त्या मानानं राखून असतात. मांस कमी, चरबी तेवढीच. १९९८ मध्ये सव्वादोन किलोंची जन्मलेली वाशिमची मुलगी आता रिसोडला किंवा कारंज्याला पक्क्या घरात राहत असेल, नळाचं पाणी, गॅस, मोटारसायकल आणि दुपारी बिस्किट-चहा. तिचं शरीर मात्र टंचाईच्या मापानं बेतून आलेलं. तिच्या बाबतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहणं चुकवू नये. तिला चालायला सांगणं योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला काही अडचण नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. जेवणानंतर वीस मिनिटं फेरी मारली तरी साखरेला उतार पडतो.

पण हाच सल्ला त्याच दिवशी, त्याच बाकावर, शेजारी बसलेल्या मजूर बाईलाही मिळतो: चालत जा, काम करत राहा, म्हणजे सुटका सोपी होते. ती सकाळी पाणी भरून, भाकरी थापून, दोन किलोमीटर चालत निंदायला जाऊन आलेली असते. तिला व्यायाम सांगणं म्हणजे तिचं ऐकून न घेणं. वाकून निंदणं आणि डोक्यावर ओझं वाहणं याला व्यायाम म्हणू नये. तिला सांगायचं ते माता-बाल कार्डावर छापलेलं आहे: दिवसा दोन तास आडवं पडा. हे दोन तास कुठून आणायचे, ते कार्डावर छापता येत नाही.

दोन तास मजुरीतून आणावे लागतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपये देऊ केले होते. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या मातृवंदना योजनेत ५००० ठरले, तेही पहिल्याच बाळंतपणाला. पुढे दुसरी मुलगी झाली तर ६००० ची भर पडली. योजनेचा उद्देश बुडालेल्या मजुरीची भरपाई असा लिहिलेला आहे. २०१७-१८ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी २०१ रुपये होती, म्हणजे ५००० रुपयांत जवळपास पंचवीस दिवसांची विश्रांती विकत घेता येत होती. २०२५-२६ मध्ये मजुरी ३१२ झाली आणि ५००० तेवढेच राहिले. त्या दरानं त्यात सोळा दिवस बसतात. नोकरदार बाईला प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवडे पगारी रजा मिळाली.

दिवाळीत बाळंत होणाऱ्या बाईचा नववा महिना सोयाबीनच्या काढणीत येतो. सोंगणीची मजुरी वर्षातली सर्वांत चांगली, आणि वर्षाचं किराणा-उधार त्याच पैशातून फिटतं. वजन तीन आठवडे एकाच आकड्यावर थांबलं आहे, हे उपकेंद्रातल्या सिस्टरला दिसतं. शिध्याची पिशवी वेळेवर गेलेली असते, गोळ्याही दिलेल्या असतात. आता त्या महिन्यात तिचा रोज तिला घरबसल्या मिळेल अशी तजवीज कोणी करावी, ग्रामपंचायतीनं, रोजगार हमीनं की मातृवंदनेनं, हे ठरवायचं काम अजून झालेलं नाही.